गव्हर्नरसाहेब उठत नाहीत

सेंट ऑस्विन बेट,
टपालाचे जहाज बंदरात उभे असताना

प्रिय हेस्टर हिस, समुद्राच्या या टोकावरून, थोरल्या भावाचे मनापासून आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. हवा बदलली की तुझे गुडघे कुरकुरतात, नव्या धर्मगुरूंचे प्रवचन दर रविवारी लांबत चालले आहे आणि घराचे उत्तरेकडचे छत पुन्हा गळू लागले आहे, हे वाचून तिन्हींविषयी सहानुभूती वाटली. पहिल्यावर लोकरीचा पट्टा, दुसऱ्यावर पुढच्या रांगेत बसून दिलेली सणसणीत जांभई आणि तिसऱ्याखाली बादली, याखेरीज उपाय माझ्या ऐकिवात नाहीत. माझी प्रकृती वयाला शोभेल अशी आहे. मोतीबिंदू मात्र दोन्ही डोळ्यांत पुरता पिकला असून कागद आणि टेबलावरचे पांढरे कापड यांतला फरक मला आता हाताने चाचपून ठरवावा लागतो. म्हणून हे पत्र मी तोंडी सांगत आहे, आणि तुझे चिरंजीव, सेंट ऑस्विन बेटाचे गव्हर्नर लॉर्ड पेनवॉर्डन, म्हणजे आपला रोलो, समोर बसून ते उतरवून घेत आहे. त्याच्याविषयी जे लिहायचे ते त्याच्याच हातून लिहवून घेणे काहीसे निर्दय दिसेल. पण या बेटावर न्यायाधीश असताना आरोपीच्या पाठीमागे मी कधी निकाल दिला नाही, आणि निवृत्तीनंतर वाईट सवयी लावून घेण्याची माझी इच्छा नाही. मी सांगेन तेवढेच लिहायचे, पदरचे काही घालायचे नाही, अशी त्याला ताकीद दिली आहे. (आई, मी नाही घालणार. फक्त चुकीचं असेल तिथे कंसात लिहीन. तुझा रोलो.) कंसातला मजकूर कुठे आढळल्यास तो त्याचा समजावा. मी कंस वापरत नाही. ज्याला वाक्यात जागा नाही त्याला वाक्याच्या पोटात लपवून नेणे मला पटत नाही.

तुझ्या पत्राची बहुतेक पाने आनंदाने भरलेली आहेत. वसाहत मंत्रालयाने रोलोची कर्तबगारी हेरली असून त्याला या वारा खाणाऱ्या बेटावरून उचलून एका फार मोठ्या वसाहतीचा गव्हर्नर करण्याचे ठरवले आहे. तिथे संगमरवरी जिने आहेत, घोडदळ आहे, आणि गेली कित्येक वर्षे न विझलेले दंगे आहेत. ते विझवण्यासाठी 'पेनवॉर्डन पद्धती' जाणणारा माणूस हवा आहे. रोलो काहीसा कचरतो आहे, तेव्हा मामा या नात्याने मी त्याचे मन वळवावे आणि त्याचा होकार याच जहाजाने पाठवावा, अशी तुझी आज्ञा आहे. जहाज परवा सुटते. या वसाहतीचे नाव मी मुद्दाम घालत नाही, कारण ते रोलोला लिहिता येत नाही. (येतं. दोनदा खोडलं तेव्हा मामाच म्हणाले, राहू दे.)

तुझ्या आज्ञेचा विचार करण्यापूर्वी तुझे आभार मानणे माझे कर्तव्य आहे, आणि पुढे काही अप्रिय सत्ये आली तरी हे पत्र मुख्यतः आभाराचेच समजावेस. रोलोला तू इकडे पाठवलेस, याहून मोठे उपकार या बेटावर इंग्लंडहून आजवर झालेले नाहीत. आता ते उपकार तूच परत मागते आहेस, म्हणून त्यांचे स्वरूप तुझ्यापुढे नीट मांडणे मला भाग आहे.

मंत्रालयाच्या पत्रात रोलोच्या 'उज्ज्वल कारकिर्दी'चा उल्लेख आहे. तू आई आणि मी मामा. ही कारकीर्द आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे? शाळेत मुख्याध्यापकांनी वर्षानुवर्षे त्याच्या प्रगतिपत्रकात एकच वाक्य लिहिले: 'हजर असतो.' पुढे तो घोडदळात गेला. तिथे लुटुपुटीच्या लढाईत आपली तुकडी घेऊन तो धुक्यात भरकटला, समोर तंबू दिसला म्हणून आत गेला आणि अत्यंत नम्रपणे रस्ता विचारला. तो शत्रुपक्षाच्या सेनापतीचा तंबू होता. सेनापतीने चहा विचारला, याने घेतला, आणि पंचांनी जाहीर केले की लॉर्ड पेनवॉर्डन यांनी एकही गोळी न झाडता शत्रूचे मुख्य ठाणे काबीज केले. (चहा फार छान होता. बिस्किटंसुद्धा.) मग वडिलांकडून चालत आलेली वरिष्ठ सभागृहातली जागा त्याला मिळाली. पहिल्याच दिवशी एक वृद्ध उमराव म्हणाले, 'बाळ, इकडे बस, इथे शेगडीची ऊब लागते,' म्हणून हा विरोधकांच्या बाकावर जाऊन बसला. एकदा बसल्यावर उठून पलीकडे जाणे बरे दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे तिथेच बसत राहिला. आणि शेजाऱ्यांनी हात वर केले की एकट्याने खाली ठेवणे बरे दिसत नाही म्हणून तोही वर करत राहिला. त्याच्या एका मताने स्वपक्षाचे विधेयक पडले. वर्तमानपत्रांनी त्याच्या स्वतंत्र बाण्यावर अग्रलेख लिहिले.

लेडी फिलिपाचे प्रकरण मी वगळणार होतो, पण अपूर्ण पुराव्यावर अनुमान करू नये. रोलोशी वाङ्निश्चय झाल्यावर तिने त्याला विचारले, 'रोलो, मी त्या कर्नलशी लग्न केलं तर तुला वाईट नाही ना वाटणार?' हा म्हणाला, 'छे छे, अवश्य कर.' तिने केले. चर्चच्या दारात उभे राहून पाहुण्यांना जागा दाखवण्याचे काम यानेच केले. (ती सुखात आहे. नाताळला तिचं पत्र येतं.)

या साऱ्या प्रसंगांतून निघणारे सूत्र एकच: हेस्टर, तुझ्या मुलाला 'नाही' म्हणता येत नाही. आपल्यासारख्या घराण्यांत ज्या मुलाचे काय करावे हे कळत नाही त्याला सैन्यात घालतात. सैन्यालाही कळले नाही तर सभागृहात. आणि सभागृहालाही कळले नाही तर वसाहतीत. साम्राज्य हा आपल्या घरावरचा माळा आहे. मोडक्या खुर्च्या फेकवत नाहीत म्हणून त्या वर चढवून ठेवायच्या, आणि तिथे राहणाऱ्यांनी त्यांना सिंहासन म्हणायचे. या बेटावर रोलोआधी आलेले गव्हर्नर सर हेक्टर ड्रमगूल तर मोडकी खुर्चीही नव्हते. ते बुद्धिमान होते. इथला वारा दिवसभर रिकामा हिंडतो हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी टेकडीवर पवनचक्की उभारली. पहिल्या हिवाळ्यात वाऱ्याने ती उचलली. तिचे एक पाते अजूनही आमच्या चर्चच्या छपरात अडकलेले असून ते काढावे की धर्मचिन्ह म्हणून राहू द्यावे, यावर मंडळींत दोन मते आहेत.

आता रोलोचे आगमन. बेटावरची एकुलती एक तोफ सलामीला उडाली तेव्हा त्याने टोपी काढून तोफेला लवून नमस्कार केला. त्या क्षणी, गव्हर्नरच्या टोपीवर सरकारी नियमाप्रमाणे जो पांढऱ्या पिसांचा तुरा असतो त्यात वारा शिरला आणि टोपी बंदरात जाऊन पडली. खालच्या गावातल्या कोळणींची म्होरकी केझाया ग्रिब होडीत उभी होती. तिने माशाच्या आकड्याने टोपी वर काढली आणि पाणी गळत असलेली ती चीज साऱ्या जनतेसमोर पुढे केली. 'घ्या लाटसाहेब, तुमचा कोंबडा बुडत होता.' सर हेक्टर असते तर तिला दंड झाला असता. रोलो म्हणाला, 'फार आभारी आहे, बाई. त्याला पोहता येत नाही.' बंदरावर जो हशा उठला तसा मी इथे राहायला आल्यापासून ऐकला नव्हता. वरच्या गावातल्या मेंढपाळांचा पुढारी ओबेड पेनिकूक हा गंभीर माणूस आहे. तोही हसला, आणि केझाया हसते आहे हे ध्यानात येताच गप्प झाला.

त्याचे गप्प होणे हाच या बेटाचा इतिहास आहे. खालचे गाव मासे पकडते आणि दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर वाळत घालते. वरचे गाव मेंढ्या पाळते आणि विकायच्या वेळी त्याच किनाऱ्यावरून त्या जहाजाकडे हाकते. माशामुळे मेंढीचे काही बिघडत नाही; पण पाठीवर खुराचा ठसा उमटलेला मासा कोणी घेत नाही. या वादात दोन पिढ्या गेल्या. दोन्ही गावांत सोयरिकी थांबल्या, शेजारी बसणे थांबले, बोलणे म्हणशील तर शिव्यांपुरते उरले. खटला माझ्यापुढे वारंवार आला आणि दर वेळी मी जो निकाल दिला तो, माझेच म्हणून सांगत नाही, तर्कदृष्ट्या निर्दोष होता. दोन्ही पक्षांनी तो उभे राहून, टोपी हातात धरून ऐकला. मग खालच्यांनी त्याच्या कागदात मासे बांधले आणि वरच्यांनी त्यावर चूल पेटवली.

अशा स्थितीत महाराणींच्या वाढदिवसाचे भोजन आले. चर्चमधून बाहेर पडल्यावर भर दुपारी दोन्ही गावांतल्या प्रमुखांनी गव्हर्नरच्या निवासस्थानी जेवावे अशी प्रथा आहे, आणि त्यांना टेबलाच्या विरुद्ध टोकांना बसवावे अशीही आहे. ही बसण्याची व्यवस्था गव्हर्नरांचे स्वीय अधिकारी कॅप्टन फॉसडाइक पाहतात. त्या दिवशी फॉसडाइक दातदुखीने अंथरुणात होते. व्यवस्था रोलोने पाहिली, आणि ओबेडला व केझायाला त्याने आपल्या समोर, एकमेकांना खेटून बसवले. (दोघं दारातून भांडत भांडतच आत आले, आई. मला वाटलं नवराबायको आहेत.)

इथे मला दोन नियम सांगितले पाहिजेत. पहिला नियम सरकारी आहे: गव्हर्नर हा महाराणींचा प्रतिनिधी असल्यामुळे तो स्वतः उठून आत जाईपर्यंत टेबलावरून कोणीही उठायचे नाही. बेटावरच्या लहान पोराला हा नियम पाठ आहे. रोलोला तो फॉसडाइक सांगणार होते, आणि फॉसडाइकांच्या तोंडात लवंग होती. दुसरा नियम सरकारी नाही, तुझा आहे. रोलो लहान होता तेव्हा एकदा पाहुणे जेवत असताना तो खुर्चीवरून उतरून ससे पाहायला पळाला. तू त्याला परत आणून सगळ्यांदेखत एक चपराक दिलीस आणि सांगितलेस, 'शेवटचा पाहुणा उठल्याशिवाय घरच्याने उठायचं नाही, मग छप्पर कोसळलं तरी.' मी त्या दिवशी तिथेच होतो. चपराक मला अवाजवी वाटली होती. आज ती मला ब्रिटिश राज्यकारभारातली एकमेव यशस्वी कृती वाटते.

कारण पुढे झाले ते असे. सूप झाले, मटण झाले, पुडिंग झाले. पाहुणे गव्हर्नर उठण्याची वाट पाहू लागले. गव्हर्नर पाहुणे उठण्याची वाट पाहू लागले. रोलो प्रत्येकाकडे पाहून स्मित करी. प्रत्येकाने परत स्मित करावे. दुपार कलली. नोकरांनी काही सुचेना म्हणून चहा आणला. चहा झाला. मग त्यांनी उरलेले मटण थंडच आणले. मला नियम ठाऊक होता, आणि रोलोला तो ठाऊक नसेल हे माझ्या स्वप्नातही आले नाही. मी समजलो की ही काही खोल मुत्सद्देगिरी आहे आणि भाच्याविषयी माझे मत मला बदलावे लागणार. आमचे आर्चडीकन, म्हणजे बेटावरचे वरिष्ठ धर्मगुरू, वयोवृद्ध असून त्यांना फार वेळ एका जागी बसवत नाही; त्यांच्याविषयी हे वाक्य मी इथेच थांबवतो. (मी त्यांना आणखी चहा घ्या म्हणत होतो. मला वाटलं त्यांना आवडतोय.)

भूक भागलेली, उठायची सोय नाही, बोलायला शेजारी एकच माणूस आणि तो शत्रू. अखेर केझाया समोर पाहतच म्हणाली, 'मीठ सरकव, ओबेड.'

'इतक्या वर्षांनी शिवीवाचून तोंड उघडलंस, ते मिठासाठी?'

'मटण अळणी आहे. तुझ्याच मेंढीचं असणार.'

'अळणी! तुझे मासे खाऊन खाऊन जिभेचं मिठागर झालंय तुझ्या.'

'माझे मासे धड वाळले तर खाईन ना. तुझी पलटण वरून नाचत जाते, म्हणून ओलेच गोळा करते मी.'

'मग वर आण की वाळवायला. मैलभर दगडी कुंपणं आहेत माझी. त्या वाऱ्यात घातलेस तर दुपारपर्यंत खडखडीत.'

'आणि वर चढवणार कोण? तुझा बाप?'

'गाढवं आहेत ना. लोकर घेऊन खाली येतात ती परत वर रिकामीच जातात.'

केझायाने हातातला चमचा खाली ठेवला. 'रिकामी जातात? मग मेल्या, हे आजवर सांगायला काय झालं होतं?'

'तू धड बोलत होतीस का माझ्याशी?'

हेस्टर, त्या खटल्याची कागदपत्रे माझ्याकडे पेटी भरून होती. किनाऱ्याच्या मालकीविषयी त्यांत नॉर्मन राजांपर्यंतचे दाखले होते. गाढवे रिकामी परत जातात, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या एकाही वकिलाने माझ्यापुढे आणली नाही, आणि ती विचारण्याची मला तरी काय गरज भासावी? उजेड सरण्याच्या सुमारास त्या दोघांचे ठरले: मासे वर, गाढवांवरून, मेंढ्या खाली, मोकळ्या किनाऱ्यावरून. हातात हात देण्यासाठी दोघे एकदमच उभे राहिले. ते उभे राहिलेले पाहून, नियम मोडला तर मोडला, म्हणून आर्चडीकन उठले, आणि वयाच्या मानाने आश्चर्यकारक वेगाने बाहेर गेले. पाठोपाठ सगळे उठले. रोलो दारात उभा राहून प्रत्येकाला म्हणत होता, 'अहो, इतक्यात निघालात?' (म्हणायचं असतं ना, आई? खरं तर माझा पाय झोपला होता.)

त्यानंतर त्याला खरा नियम कळला, फॉसडाइकांचा दात निघाला, आणि डोंगरावरची कुंपणे माशांनी चंदेरी झाली. वरच्या गावात वास येतो अशी तक्रार आहे, पण ती हसत केली जाते. येत्या शरद ऋतूत ओबेडचा पुतण्या आणि केझायाची नात यांचे लग्न आहे. मध्यंतरी मी केझायाला विचारले की नव्या गव्हर्नरांविषयी तिचे काय मत आहे. ती म्हणाली, 'न्यायाधीशसाहेब, लाटसाहेब काही करत नाही हे खरंय. आधीचेही काही कामाचं करत नव्हते. पण काही न करता आमच्यासोबत इतका वेळ बसणारा हा पहिलाच.' याहून काटेकोर मूल्यमापन मी करू शकत नाही. आज रोलो रस्त्याने निघाला की त्याला प्रत्येक दारात बसावे लागते, आणि तो बसतो. त्याला जे कळत नाही त्यावर तो सही करत नाही; त्यामुळे त्याच्या काळात एकही नवा कायदा झालेला नाही, आणि बेट उत्तम चालले आहे.

मंत्रालयाला गेलेला अहवाल मात्र कॅप्टन फॉसडाइक यांनी लिहिला, म्हणजे टेबलावर नसलेल्या एकमेव अधिकाऱ्याने. 'लॉर्डसाहेबांनी पोलादी निश्चयाने दोन्ही पक्षांना समझोता होईपर्यंत टेबलावरून उठू दिले नाही', असे त्यात वाक्य आहे. त्यावरून लंडनमध्ये 'पद्धती' जन्मली. तुझा मुलगा दंगलखोरांना खुर्चीत खिळवून ठेवणारा पोलादी पुरुष आहे, अशी तिथे समजूत झाली आहे.

आता तुझा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या भाषेत तपासू. तुझी प्रतिज्ञा अशी, की रोलोने त्या मोठ्या वसाहतीत जावे. हेतू असा, की त्याने इथे शांतता घडवली. पण इथे शांतता घडली ती ज्या अटीवर, ती अट अशी होती की टेबलावरच्या प्रत्येकाला शत्रूपेक्षा असभ्यतेची भीती अधिक वाटत होती. त्या मोठ्या वसाहतीत ही अट आढळत नाही. तिथले लोक बसलेलेच नाहीत. ते उठलेले आहेत, आणि ज्या कारणांसाठी उठले आहेत ती वाचल्यावर त्यांना 'बसा' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचे उत्तर मंत्रालयाच्या कोणत्याही कागदात मला सापडले नाही. तिथे गव्हर्नरला नुसते बसून चालणार नाही. सेनापती म्हणेल, कूच करू का. सावकार म्हणतील, कर वाढवू का. तुरुंगाधिकारी म्हणेल, आणखी जागा करू का. आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो माणूस या सर्वांना काय म्हणेल? 'अवश्य.' हेस्टर, इथे त्याच्या सौजन्याने मासे वाळले. तिथे त्याच सौजन्याने माणसे मरतील. म्हणून निगमन असे, की त्याला इथेच राहू द्यावे.

तुझ्या शिस्तीबद्दल, त्या चपराकेबद्दल आणि या मुलाबद्दल मी तुझा कायमचा ऋणी आहे. धर्मगुरूंना माझा नमस्कार, छताला शुभेच्छा.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोझ

ता. क. या प्रकरणात माझा वैयक्तिक स्वार्थ काही नाही. रोलो रोज सकाळी माझ्याकडे येऊन मला जुने निवाडे वाचून दाखवतो हे खरे. पण तो प्रत्येक पानानंतर थांबून 'मग जिंकलं कोण, मामा?' असे विचारतो, त्यामुळे त्याला सोय म्हणावे की व्यत्यय हे अनिर्णित आहे.

ता. क. आई, हे माझं. मामा आत आडवे झालेत. त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं ते सगळं बरोबर आहे, मी काही बदललं नाही. पण फॉसडाइक मला म्हणाले की तिथे गव्हर्नरला सज्जात उभं राहून सैनिकांना 'झाडा गोळ्या' असं मोठ्यानं म्हणावं लागतं. मी परसात जाऊन म्हणून पाहिलं, समोर नुसते कोबी होते. तरी येईना. प्रत्येक वेळी तोंडातून आधी 'कृपया' निघायचं. मग वाटलं, खाली जे उभे असतील त्यांच्यातही कोणी केझायासारखी असेल, पाण्यातून टोपी काढून देणारी. आई, मला नाही जायचं. मंत्रालयाला तसं पत्र मी लिहिलंय, मामांनी सांगितलं म्हणून नव्हे, माझं मी. ते याच पाकिटात घालतो, तू पुढे पाठव. पण तू जा म्हणालीस तर मी जाईन, ते तुलाही ठाऊक आहे. म्हणून, तेवढं तू म्हणू नकोस.

ता. क. अक्षर वाकडे आहे म्हणजे हे माझे. रोलो लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने मोठ्याने म्हणतो, आणि मी झोपलो नव्हतो. प्रामाणिकपणाने सांगणे भाग आहे की त्याच्या वरच्या मजकुराने माझा युक्तिवाद कोसळला. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, हा माझा आधार होता. त्याने आताच म्हटले. आणि बंदुका भरलेल्या असताना 'झाडा गोळ्या' हे शब्द ज्याच्या तोंडून निघणार नाहीत, असा माणूस त्या वसाहतीत जाण्यास सर्वांत योग्य, हे निगमन मला काही केल्या टाळता येत नाही. तर्काने निकाल तुझ्या बाजूने लागतो. मामा म्हणून सांगतो: पाठवू नकोस.

त्याचे नकाराचे पत्र चांगले आहे, आखूड आहे. फक्त शेवटी त्याने 'अर्थात आपली गैरसोय होणार असेल तर मी येतोच' अशी एक ओळ जोडली होती. ती मी भिंगाने शोधून कात्रीने कापून टाकली आहे. सही तिच्या खाली होती की बाजूला, हे मला नीट दिसले नाही. कागदावर सही उरली असेल तर पत्र तसेच मंत्रालयाकडे धाडावेस. उरली नसेल, तर त्याचे वडील गेल्यापासून तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावाच्या साऱ्या सह्या तूच करत होतीस. हात अजून विसरला नसेल.